रीलवर नवा दोरा चढवताना

श्रीगोंदा म्हटलं की ऊस, साखर कारखाने, लिंबाच्या बागा आणि कुकडीचं आवर्तन कधी सुटणार ही चर्चा. गळाच्या मासेमारीशी या तालुक्याचं नाव सहसा कुणी जोडत नाही. पण पाणी मोजायला बसलं तर कमी नाही. दक्षिणेला भीमा आहे. पश्चिमेकडून घोड तालुक्याची शीव धरत येते आणि भीमेला मिळते. घोडेवर चिंचणीचं धरण आहे, हंगा नदीवर ब्रिटिश काळातला विसापूरचा तलाव आहे, आणि पेडगावला धर्मवीरगडाच्या तटाखालून भीमा संथ वाहते. तिथून खाली सिद्धटेक, राशीन, भिगवणकडे सरकलं की उजनीचा फुगवटा सुरू होतो. एवढ्या पाण्याकाठी गळ टाकून बसणारी माणसं असणारच, आणि ती आहेत. भोई समाजाची जाळी आणि होड्या पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या. हल्ली त्यांच्या जोडीला सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलला रॉड बांधून येणारी तरुण पोरंही दिसतात. पूर्वी बांबूची काठी आणि बाटलीला गुंडाळलेला तंगूस असायचा. आता ऑनलाइन मागवलेलं स्पिनिंग रील असतं.

रील नवं आलं, तरी तक्रार जुनीच. ‘दोरा गुंतला.’ ‘फेकला की गुंता बाहेर येतो.’ ‘मोठा लागला होता, पण तुटून गेला.’ मग दोष रीलच्या कंपनीला दिला जातो, नाहीतर नशिबाला. अशी रीलं उघडून पाहिली की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती येते: दोरा भरतानाच चुकलेला असतो. स्पूलवर दोरा कसा चढला यावर पुढचं वर्षभराचं फेकणं अवलंबून असतं, आणि या कामाला अर्धा तासही लागत नाही. महागडं रील घेऊन त्यावर कसाबसा दोरा गुंडाळणाऱ्यापेक्षा साधं रील नीट भरणारा माणूस पाण्यावर सुखी असतो.

आधी दोरा कोणता घ्यायचा ते पाहू. बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. पहिला आपला नेहमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा. तो स्वस्त आहे, गाठ चांगली धरतो आणि थोडा ताणला जातो. मासा जोरात झटका देतो तेव्हा हा ताणच गाठीला आणि गळाला वाचवतो. दुसरा ब्रेडेड, म्हणजे अनेक बारीक तंतू विणून केलेला. तितक्याच ताकदीच्या तंगुसाच्या साधारण निम्म्या जाडीत तो मिळतो आणि जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे तळाशी माशाने नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. तिसरा फ्लोरोकार्बन. पाण्यात तो कमी दिसतो, दगडाला घासलं तरी टिकतो, पण ताठ आणि महाग असतो.

नवशिक्याने पहिल्यांदा तंगूसच भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लोरोकार्बनने सगळं स्पूल भरणं आपल्या पाण्यात पैसे वाया घालवणं आहे. पुण्याचं पाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तिथून खाली आलेल्या पाण्यात पावसाळ्यात आपलाच हात दिसत नाही, तिथे दोरा दिसतो की नाही याची काळजी कोण करणार? फार तर हिवाळ्यात धरणाचं पाणी निवळलं की पुढचा दोन-तीन हाताचा तुकडा फ्लोरोकार्बनचा जोडावा, तेवढं पुरे.

ब्रेडेडची गरज पडते ती मरळीसाठी. मरळ जलपर्णीत, पाणकणसात, बुडालेल्या वेड्या बाभळीच्या खोडाशी दबा धरून बसते. ती लागली की लगेच ओढून मोकळ्या पाण्यात आणावी लागते, नाहीतर झाडोऱ्यात घुसून दोरा गुंडाळून बसते. तिथे ताणला जाणारा तंगूस कामाचा नाही. पण हाच ब्रेडेड भीमा-घोडेच्या खडकाळ पात्रात घेऊन गेलात तर रडायची वेळ येईल. आपला काळा बेसाल्ट किती धारदार असतो ते निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेल्यांना सांगायला नको. ताणात असलेला विणीचा दोरा अशा कडेला एकदा घासला की तंतू सुटतात आणि पुढच्या झटक्याला दोरा जातो. खडकात तंगूस भरा, किंवा ब्रेडेडच्या पुढे दोन वाव जाड तंगूस जोडा.

जाडीचा हिशोब माशावरून करा. चिलापीसाठी ०.२० ते ०.२५ मिलिमीटर पुरतो. रोहू, मृगळ, कोळस यांना ०.३० चांगला. कटल्यासाठी बसणार असाल, तर ०.३५ ते ०.४०. खडस आता या पट्ट्यात क्वचितच लागतो, पण लागला तर त्याच्या पहिल्या धावेला ०.३० सुद्धा कमी पडतो. (खडस आणि कोळस या दोघांची मराठी नावं थेट शास्त्रीय नावांत गेली आहेत. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, त्यात त्याने इथली बोलीतली नावंच उचलली. म्हणून खडस आजही जगभर ‘टॉर खुद्री’ या नावाने ओळखला जातो.) दोऱ्याच्या चकतीवर ताकद कधी किलोत, कधी पौंडात छापलेली असते. दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, एवढं लक्षात ठेवलं की दुकानात अडत नाही. आणि स्वस्त मालावर छापलेल्या ताकदीपेक्षा जाडीवर जास्त विश्वास ठेवा.

आता दोरा किती बसेल ते. रीलच्या स्पूलवर ‘०.३०/१५०’ असं काहीतरी कोरलेलं असतं. ०.३० मिलिमीटर जाडीचा दोरा १५० मीटर मावेल, हा त्याचा अर्थ. तुमचा दोरा वेगळ्या जाडीचा असेल, तर जाडीच्या वर्गाने हिशोब करा. ०.३० चा वर्ग ०.०९. तो १५० ने गुणा आणि तुमच्या जाडीच्या वर्गाने भागा. ०.२५ चा दोरा अंदाजे २१६ मीटर बसेल, ०.३५ चा ११०, आणि ०.४० चा जेमतेम ८४. जाडी थोडीशी वाढवली तरी लांबी किती झपाट्याने घटते ते बघा. घोड धरणावर कटल्यासाठी चाळीस-पन्नास मीटर लांब फेकायचं आणि मासा लागल्यावर तेवढाच दोरा पुन्हा सुटायचा, तर ८४ मीटर अपुराच. तिथे रीलच मोठं हवं.

सामान काय लागतं? रील, रॉड, नवी चकती, नखं कापायचं कटर किंवा धारदार कात्री, एक ओलं फडकं आणि पाण्याचा तांब्या. मदतीला घरातलं एखादं पोर असेल तर उत्तम, नसलं तरी चालतं.

जुना दोरा आधी सगळा काढा. वरचा चांगला दिसतोय म्हणून त्यावरच नवा गुंडाळू नका. जुना तंगूस तपासायची पद्धत सोपी आहे. हातभर दोरा दोन नखांच्या चिमटीतून ओढा. खरखर लागली, पांढुरकी झाक दिसली, सोडल्यावर स्प्रिंगसारखे वेटोळे राहिले, तर त्याचं आयुष्य संपलं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत टांगलेल्या किंवा दिवसभर मोटारसायकलवर उन्हात राहिलेल्या रॉडचा तंगूस एका उन्हाळ्यात ठिसूळ होतो. नायलॉनला ऊन खातं, आणि पाणी पिऊन त्याची ताकदही थोडी उतरते. नेहमी जाणाऱ्याने पावसाळा सरल्यावर, पाणी निवळायच्या सुमारास वर्षातून एकदा दोरा बदलावा. ब्रेडेड उन्हाला जास्त टिकतो. त्याची वरची बाजू झिजली, रंग उडाला, की सगळा दोरा उलटा भरावा. आतला न वापरलेला भाग वर येतो आणि आणखी एक-दोन हंगाम निघतात.

स्पूल रिकामं झालं की ते ओल्या फडक्याने पुसा. कडेवर बोट फिरवून बघा. तिथे खाच पडली असेल, तर नवा दोरा पहिल्याच दिवशी कातरला जाईल. बारीक पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने घासून गुळगुळीत करा.

इथून पुढे क्रम महत्त्वाचा आहे. रील रॉडला बसवा. नव्या दोऱ्याचं टोक रॉडच्या सगळ्यात खालच्या, म्हणजे रीलजवळच्या मोठ्या कडीतून रीलकडे आणा. मग बेलची तार, म्हणजे स्पूलभोवती फिरून दोरा गुंडाळणारी तार, वर करून उघडा आणि नंतरच टोक स्पूलला बांधा. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. पण तार बंद ठेवून गाठ मारली आणि हँडल फिरवायला गेलं की तार नुसती फिरते, दोरा काही गुंडाळला जात नाही. मग बांधलेली गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून. दुकानात मदत मागायला येणाऱ्या नव्या माणसाचं पहिलं दुखणं हमखास हेच असतं.

स्पूलची गाठ अशी: टोक स्पूलभोवती एकदा फिरवून पुढे आणा. त्या टोकाने मूळ दोऱ्याभोवती एक साधी गाठ मारा. मग टोकाच्या अगदी शेवटी, एकट्या टोकालाच आणखी एक साधी गाठ मारा. आता मूळ दोरा सावकाश ओढा. पहिली गाठ सरकत स्पूलला जाऊन चिकटते, दुसरी तिला मागून अडवते आणि सगळं घट्ट बसतं. ओढण्याआधी गाठीला थुंकी लावा किंवा पाण्यात बुडवा. कोरडा तंगूस घासून गरम होतो आणि गाठीपाशीच कमजोर पडतो. हे प्रत्येक गाठीला लागू आहे, गळाच्या गाठीला तर सगळ्यात जास्त. उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. मोठं राहिलं तर वरचा दोरा फेकताना त्यात अडकतो.

ब्रेडेड भरताना ही गाठ पुरत नाही. विणीचा दोरा गुळगुळीत धातूवर नुसता घसरतो. सगळा भरलेला दोरा स्पूलवर एकसंध फिरत राहतो आणि ड्रॅग (जोराची ओढ बसली की दोरा सोडणारी रीलची यंत्रणा) बिघडला असं वाटून माणूस रील उघडत बसतो. उपाय दोन. स्पूलवर इलेक्ट्रिशियन वापरतो त्या चिकटपट्टीचा एक वेढा द्या. किंवा खाली तंगुसाचं अस्तर भरा आणि त्याला ब्रेडेड जोडा. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण ब्रेडेड महाग असतो आणि तळाचे साठ-सत्तर मीटर वर्षानुवर्षं पाणीच बघत नाहीत. तिथे महागाचा दोरा कशाला?

अस्तर नेमकं किती भरायचं, ही अडचण येते. अंदाजाने भरलं तर कमी-जास्त होतंच. यावर एक युक्ती आहे. आधी ब्रेडेड भरा, त्याला तंगूस जोडा आणि स्पूल काठोकाठ येईपर्यंत तंगूस भरत जा. आता सगळं उलटं काढा. आणखी दोन रिकामी रीलं असतील तर आधी एकावर आणि मग तिथून दुसऱ्यावर, नसतील तर मोकळ्या मैदानात चालत जाऊन. मग तंगुसाच्या टोकापासून पुन्हा भरा. तंगूस खाली बसतो, ब्रेडेड वर येतो आणि स्पूल नेमकं भरतं. एकदाच करायचं काम आहे, पुढच्या वेळी अस्तर तसंच राहतं.

दोन दोरे जोडण्याची गाठ शब्दांत सांगणं कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. दोन्ही टोकं समोरासमोर आणून वीतभर एकमेकांवर ठेवा. तंगुसाचं टोक वळवून एक फास करा आणि ते टोक दोन्ही दोऱ्यांभोवती, फासाच्या आतून, चार-पाच वेळा फिरवा. टोक ओढून हा फास हलकासा आवळा. ब्रेडेडच्या टोकानेही दुसऱ्या बाजूने तसंच करा, पण सात-आठ वेढे द्या, कारण तो घसरतो. आता दोन्ही गाठी ओल्या करून मूळ दोरे विरुद्ध दिशांना ओढा. गाठी सरकत एकमेकींना भिडतात. टोकं कापा. ही गाठ घरी, पंख्याखाली बसून शिकावी. काठावर वाऱ्यात, थरथरत्या हाताने ती जमत नाही.

आता या कामातला खरा मुद्दा, तो म्हणजे पीळ. स्पिनिंग रीलचं स्पूल स्वतः फिरत नाही. तार त्याच्याभोवती फिरते आणि दोरा गुंडाळते. प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात एक पीळ पडतो. हँडलच्या एका फेऱ्याला तार पाच-सव्वापाच वेळा फिरते, म्हणजे दीडशे मीटर भरेपर्यंत तारेचे हजारावर फेरे होतात. तेवढे पीळ दोऱ्यात साठले, तर पहिल्याच सैल क्षणी तो गोळा होऊन फास टाकणारच. बाटलीला तंगूस गुंडाळणाऱ्या जुन्या गड्यांना हे अनुभवाने माहीत असतं. ते हात बाटलीभोवती फिरवत नाहीत, बाटलीच फिरवून दोरा घेतात.

रीलमध्ये हे जमत नाही, म्हणून पिळाला पीळ लढवायचा. चकती जमिनीवर आडवी ठेवा, लेबल वर करून. आडव्या चकतीवरून दोरा वेटोळ्या-वेटोळ्याने सुटतो, तेव्हा त्यातही प्रत्येक वेटोळ्याला एक पीळ पडतो. हा पीळ रीलच्या पिळाच्या उलट दिशेचा असला की दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी खातात. एकाच दिशेचे असले, तर दुप्पट होतात. कोणती बाजू बरोबर हे डोकं खाजवून ठरवू नका, करून पाहा. हँडल पंधरा-वीस फेरे फिरवा आणि थांबा. रॉडचा शेंडा चकतीकडे झुकवून दोन-तीन हात दोरा सैल पडू द्या. तो मोकळा, आळसावल्यासारखा खाली पडला तर बाजू बरोबर आहे, तसंच चालू ठेवा. त्यात लगेच छोटे-छोटे फास पडू लागले, दोरा स्वतःभोवतीच वळू लागला, तर चकती पालथी घाला. लेबल खाली जाईल आणि पुढचे फेरे आधीचा पीळ काढू लागतील. मधेमधे, पन्नासेक मीटरनंतर, पुन्हा एकदा सैल सोडून बघा.

इथे एक चूक सर्रास होते. पोराच्या हातात पेन्सिल देतात, तिच्यात चकती अडकवतात आणि ती गरागरा फिरत दोरा सोडते. दिसायला हे फार व्यवस्थित दिसतं. पण फिरणाऱ्या चकतीवरून दोरा सरळ येतो, म्हणजे रीलचा पीळ खाऊन टाकणारं काहीच उरत नाही. सगळे हजार पीळ आत राहतात. पेन्सिलीची पद्धत बेटकास्टिंग रीलसाठी बरोबर आहे. तिथे रीलचं स्पूलही चाकासारखं फिरतं, त्यामुळे दोन्हीकडे सरळच काम. फक्त चकतीच्या वरच्या अंगाने निघालेला दोरा स्पूलच्याही वरच्या अंगाने जायला हवा.

भरताना ताण ठेवायला विसरू नका. रीलच्या पुढे हातभर अंतरावर ओल्या फडक्याच्या घडीत दोरा चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवा. चिमटीचा जोर इतका हवा की बोटांना सरकणारा दोरा जाणवला पाहिजे, पण अडखळता कामा नये. सैल भरलेला दोरा पहिल्या मोठ्या माशाच्या ओढीत खालच्या थरात रुततो आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकतो. ब्रेडेडला तर दुप्पट ताण हवा. नुसत्या बोटांनी धरू नका, तो कापतो.

किती भरायचं? स्पूलच्या कडेच्या दोन ते तीन मिलिमीटर खाली थांबायचं. कमी भरलं तर फेकताना दोरा कडेला घासत बाहेर येतो आणि फेक आखूड पडते. काठोकाठ भरलं तर एका फेकीला पाच-सहा वेढे एकदम सुटून गोळा होतो, ज्याला काठावर मंडळी ‘पक्ष्याचं घरटं’ म्हणतात. ‘आणलाय तर सगळा भरू’ हा मोह टाळा. उरलेला दोरा चकतीवर राहू द्या, पुढच्या तुकड्यांना कामी येतो.

एवढं करूनही थोडा पीळ राहतोच, कारण चकती आणि स्पूल यांचे घेर सारखे नसतात. तो काढायला शेतापेक्षा चांगली जागा नाही. गळ, शिसं, काहीही न बांधता दोऱ्याचं मोकळं टोक जमिनीवर टाका आणि दोरा सोडत शंभर पावलं चालत जा. मग फडक्यातून ताण देत सावकाश परत गुंडाळा. मोकळं टोक मातीवरून घसटत येताना स्वतःभोवती फिरतं आणि पीळ सोडून देतं. ऊस तुटलेलं रान मात्र नको. पाचटात आणि खोडक्यांत दोरा अडकून फाटतो. हरभरा काढून झालेलं रान किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान उत्तम. आणि वर विजेच्या तारा नाहीत ना ते आधी बघा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. नदीकाठी उपसा पंपांच्या लोंबत्या तारा आपल्याकडे जागोजागी आहेत, तिथे रॉड उभा धरणं जिवावर बेतू शकतं.

शेवटचं काम ड्रॅग लावण्याचं. मासा जोरात ओढतो तेव्हा दोरा तुटण्याआधी स्पूलने तो सोडला पाहिजे. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग सुटायला हवा. पाच किलोच्या दोऱ्याला साधारण सव्वा ते दीड किलो. काटा नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्या आहेतच. एका लिटरची बाटली भरली की एक किलो. एक लिटरची आणि अर्ध्या लिटरची अशा दोन भरलेल्या बाटल्या एकत्र बांधून रॉडच्या कड्यांतून आलेल्या दोऱ्याला अडकवा आणि रॉड थोडा वर उचला. रॉड वाकल्यावर स्पूल अडखळत का होईना फिरून बाटल्या खाली जायला लागल्या, तर ड्रॅग ठीक आहे. नुसत्या लोंबकळत राहिल्या तर ड्रॅग जास्त घट्ट आहे, अर्धा फेरा सैल करा. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायची सवय लावा. आतल्या चकत्या दाबून राहिल्या की पुढच्या वेळी झटक्याने सुटतात.

नवा दोरा काठावर पहिल्यांदा फेकताना लांब फेकीच्या नादी लागू नका. पाच-दहा साध्या फेकी करा आणि प्रत्येक वेळी बेलची तार हाताने बंद करा. हँडल फिरवून ती आपोआप पडते खरी, पण तेवढ्या क्षणात एक सैल वेढा स्पूलवर बसतो आणि पुढच्या फेकीला तोच बाहेर येऊन गोळा करतो. तार हाताने पाडा, दोरा बोटाने थोडा ताणा, मग गुंडाळा. नवा तंगूस फारच ताठ वाटत असेल तर आदल्या रात्री भरलेलं स्पूल काढून अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको.

धरणावर किंवा तलावावर जायच्या आधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचे हक्क संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. गोड बोललं तर गळवाल्याला सहसा कुणी हाकलत नाही. पावसाच्या सुरुवातीला, मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा, रॉड घरीच ठेवलेला बरा.

राहता राहिला जुना दोरा. तो काठावर टाकून येऊ नका. नायलॉन शेकडो वर्षं कुजत नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित, चित्रबलाक आणि इतर पाणपक्षी उथळ पाण्यात चरतात, त्यांच्या पायात आणि चोचीत असाच दोरा अडकतो. काढलेला दोरा घरी आणा, बोटभर तुकडे करून बंद डब्यात घाला आणि कचऱ्यात द्या. आणि संक्रांतीला पोरं तुमच्याकडे ‘थोडा तंगूस द्या ना’ म्हणत येतील, त्यांना तो पतंगासाठी मुळीच देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर नायलॉनच्या मांजावर बंदी घातली आहे, आणि त्या मांजाने दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या तरीही दर जानेवारीत येतात.